३१५ बोअर रायफल: १८८८ च्या दोन सैन्यांनी निवडलेलं हत्यार आज नाशिकमध्ये घेताना

नाशिकमध्ये परवाना घेऊन हत्यारांच्या दुकानात गेलं आणि रायफल मागितली, की बहुतेकदा समोर येते ती ईशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). बोल्टची, लाकडी दस्त्याची, बंदी नसलेल्या बोअरमधली. दिसायला ती जुनाट वाटते आणि खरोखरच तिचा जन्म जुना आहे. तिचा बोल्ट (मागचं तोंड उघडणारा-बंद करणारा सरकता दांडा) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) ज्या रचनेतून आले ती ली-मेटफर्ड रायफल ब्रिटिश सैन्यानं डिसेंबर १८८८ मध्ये स्वीकारली. तिचं काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यानं त्याच १८८८ साली घेतलेल्या ८ मिलिमीटर मानलिखर रायफलीच्या कुळातलं आहे. पुढच्या दोन वर्षांत धूरविरहित दारूसाठी ते सुधारलं गेलं आणि त्याची पुंगळी (दारू भरलेलं पितळी कवच) ५० मिलिमीटरची झाली. दोन वेगळी सैन्यं, दोन वेगळ्या समित्या, आणि त्यांचे निर्णय एकाच रायफलीत एकत्र आलेले. त्या समित्यांनी काय तपासलं आणि काय नजरेतून सुटलं, हे कळलं तरच या रायफलीचे गुणदोष नीट कळतात. म्हणून हे परीक्षण त्याच कसोट्यांवर केलं आहे.

सैन्य रायफल निवडतं म्हणजे सगळ्यात अचूक रायफल निवडतं, असा समज असतो. ३ जुलै १८६६ ची क्योनिगग्रेत्सची लढाई या समजाला उत्तर देते. ऑस्ट्रियन शिपायांकडची लोरेन्झ तोंडानं भरायची होती, पण तिचा पल्ला लांब होता. प्रशियाच्या ड्रायझे सुईबंदुकीचा पल्ला कमी, काडतूस कागदी, आणि मागच्या सांध्यातून गॅस निसटून शिपायाच्या तोंडावर येई. तरी जिंकली ड्रायझेच, कारण ती जमिनीवर पडून भरता येई आणि समोरच्याची एक गोळी सुटेपर्यंत तिच्या कितीतरी सुटत. त्या दिवसानंतर युरोपातल्या प्रत्येक सैन्याला मागून भरायची बंदूक हवी झाली, आणि तीही लगेच. मग प्रश्न आले ते असे: काडतूस कसलं? कोठारात आधीच पडलेल्या लाखो बंदुकांचं काय करायचं? धूळ, गंज आणि खराब काडतूस यांत ती टिकते का? नेमबाजीचा क्रमांक या सगळ्यांच्या मागून लागे.

काडतूस

ब्रिटिशांनी १८६६ मध्ये जुन्या एनफिल्डच्या नळ्या मागून कापून त्यांना बिजागरीचा ठोकळा बसवला. ती स्नायडर. नवी बंदूक बनवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. मग स्पर्धा झाली, चाचण्या झाल्या आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. मागचा खाली झुकणारा ठोकळा मार्टिनीचा आणि नळी हेन्रीची. एकाची यंत्रणा आणि दुसऱ्याची नळी घ्यायची ही रीत तेव्हापासूनची आहे. काडतुसात ८५ ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी.

चुकलं ते पुंगळीत. बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी होती आणि तिचा तळ वेगळा जोडलेला होता. इंग्लंडच्या गार हवेत ती चालली. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत तापलेली नळी, काळ्या दारूची काजळी आणि वाळू एकत्र आली, तेव्हा बाहेर ओढणारा पंजा तळ फाडून काढू लागला आणि पत्र्याची गुंडाळी आतच अडकून राहू लागली. लढाईच्या ऐन वेळी शिपाई चाकूनं पुंगळी उकरत बसले. त्यानंतर एकसंध ओढलेल्या पितळेची पुंगळी सगळ्यांनी मान्य केली. ३१५ चं काडतूस त्या धड्यानंतरचं आहे, त्यामुळे तो दोष यात नाही. पण रायफलीआधी काडतूस तपासायचं, हा नियम तसाच राहतो.

काडतुसं खडकीच्या कारखान्यात होतात. तो कारखाना १८६९ चा, म्हणजे स्नायडरच्या काळातला. पेटी हातात आली की प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून बघा. पितळेवर हिरवट चिकट डाग असेल, मानेवर उभी चीर असेल किंवा गोळी बोटांनी हलत असेल तर ते बाजूला ठेवा. टोपी (सुईचा घाव बसून पेटते ती) तळाच्या पातळीपेक्षा किंचित आत असावी. ती वर आलेली असेल तर बोल्ट पुढे ढकलतानाच बार उडण्याचा धोका असतो. पिशवीत किंवा चामडी पट्ट्यात वर्षानुवर्षं पडलेली काडतुसं वापरू नका. चामडं कमवताना वापरलेली रसायनं आणि ओल मिळून पितळ खातात.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद तसंच थांबा आणि मगच बोल्ट उघडा. टोपी पेटून दारू उशिरा पेटण्याचा प्रकार जुन्या काडतुसांत होतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी लागला, तर पुढचं काडतूस भरायचंच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर दुसरी गोळी गेली की नळी फुटते. बोल्ट काढून मागून उजेड दिसतो का ते बघायचं.

बोल्ट, आणि त्याचा खरा कच्चा दुवा

ली-मेटफर्डमधल्या जेम्स पॅरिस ली यांच्या बोल्टची कड्या अडकवणारी कानं मागे, हाताच्या दांडीजवळ आहेत. जर्मन माऊझरची पुढे, काडतुसाच्या अगदी मागे असतात. एवढ्या एका फरकातून बाकी बरेच फरक निघतात.

मागच्या कानांचे दोन फायदे. बोल्टची दांडी थोडीच उचलावी लागते आणि मागे-पुढे अंतरही कमी जावं लागतं. शिवाय, कानांच्या जागेशी याचा संबंध नसला तरी, कमान (सुईला धक्का देणारी स्प्रिंग) बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, उघडताना नाही, त्यामुळे अडकलेली पुंगळी ओढायला हाताचं सगळं बळ मिळतं. ब्रिटिश शिपायांच्या प्रशिक्षणात पुढे ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांचा सराव शक्य झाला तो यामुळेच. दुसरा फायदा स्वच्छतेचा आहे. पुढच्या भागात कानांसाठी खाचा नसल्यामुळे तिथे माती साचायला जागाच नाही, चिंधी फिरवली की काम झालं.

तोटाही इथेच. दाब बसतो तेव्हा बोल्टची जवळपास पूर्ण लांबी दाबली जाते आणि बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) ताणली जाते. फरक केसाएवढा असतो, पण तेवढ्यानंही पुंगळीच्या तळाला मागे सरकायला जागा मिळते. जोरदार काडतुसांसाठी माऊझर जास्त पक्की मानली जाते, त्याचं हे कारण. ३१५ चं काडतूस मध्यम दाबाचं असल्यानं ही रचना त्याला पुरते. मात्र काडतूस किंवा काडतूस बसतं तो कप्पा तेलानं ओला असेल, तर पुंगळी भिंतीला घट्ट धरत नाही आणि सगळा धक्का थेट बोल्टच्या डोक्यावर येतो. म्हणून गोळी झाडण्याआधी कप्पा आणि नळी कोरडी करणं या रायफलीत इतर रायफलींपेक्षाही महत्त्वाचं आहे. पावसात भिजलेलं काडतूसही पुसूनच भरायचं.

पुंगळीला कडा आहे, त्यामुळे काडतूस पुढे कुठवर जाईल ते ती कडा ठरवते. बोल्टचं डोकं आणि ती कडा यांच्यातली फट वाढली की झाडलेल्या पुंगळ्या ते सांगतात. तळापासून थोडं वर एक चमकदार गोल रेघ दिसते, किंवा टोपी मागे सरकलेली दिसते. दोन-तीन पुंगळ्यांवर अशी रेघ दिसली, तर रायफल वापरणं थांबवून जाणकार कारागिराला मापकानं फट तपासायला द्या. बोल्ट प्रत्येक बॉडीला वेगळा घासून बसवलेला असतो. म्हणूनच सैन्यात बोल्टवर आणि बॉडीवर एकच नंबर ठोकत. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत जातो, बसतोही, पण दोन्ही कानांवर सारखा भार येईलच असं नाही.

मॅगझिन

एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात लांबलेला वाद हाच होता. स्वित्झर्लंडनं १८६९ मध्ये व्हेटरली घेतली, नळकांड्याच्या मॅगझिनची. १८७७ मध्ये बल्गेरियातल्या प्लेव्हनाला तुर्कांनी लांबच्या माऱ्यासाठी पीबॉडी-मार्टिनी आणि जवळ आलेल्या रशियनांसाठी मॅगझिनच्या विंचेस्टर वापरल्या, आणि भराभर गोळ्यांचा परिणाम सगळ्या सेनापतींनी पाहिला. तरी शंका एकच होती: शिपाई गोळ्या उधळून टाकेल. म्हणून ब्रिटिशांनी मॅगझिनवर एक सरकती पट्टी बसवली. ती आत सरकवली की एकेक काडतूस हातानं भरायचं, आणि मॅगझिन आणीबाणीसाठी राखून ठेवायचं. रचना वेगाची आणि वापर संथ, असा तो तोडगा होता. त्यामागे दूरच्या मोहिमेवर उंट-खेचरांनी काडतुसं वाहून न्यायची काळजी होती, आणि ती खरी होती.

नळकांड्याचं मॅगझिन फ्रेंचांच्या १८८६ च्या लेबेलमध्येही होतं, आठ काडतुसांचं. एकामागे एक काडतुसं असल्यानं मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकतं, त्यामुळे गोळीचं टोक बोथट ठेवावं लागलं. काडतुसं संपत जातील तसा रायफलीचा तोलही बदलत जातो. मानलिखरनं वेगळा मार्ग काढला. पाच काडतुसांची पत्र्याची क्लिप सबंध आत ढकलायची, शेवटचं काडतूस वर गेलं की रिकामी क्लिप खालून पडते. भरायला फार वेगवान, पण क्लिप पडायला ठेवलेल्या भोकातून चिखलही वर येतो, आणि क्लिप हरवली तर रायफल एकेरी होऊन बसते. जेम्स पॅरिस ली यांची पेटी या सगळ्यांत साधी: बोल्टखाली पत्र्याचा डबा, आत स्प्रिंग, काडतुसं एकावर एक. सुरुवातीला एका रांगेत आठ, मग १८९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुहेरी रांगेत दहा.

३१५ मध्ये गंमत अशी की काडतूस मानलिखरच्या क्लिपसाठी घडलेलं आणि पेटी ली यांची. जुळणी चालते, पण कडेच्या काडतुसाचा मूळ त्रास राहतो. वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली, की बोल्ट वरचं पुढे ढकलताना खालचंही ओढतो आणि दोन्ही अडकतात. नव्या माणसाच्या हातात ही रायफल अडकते तेव्हा पहिला संशय याच चुकीवर घ्यावा. उपाय भरण्यात आहे: प्रत्येक नवं काडतूस ठेवताना त्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे येऊ द्यायची, मग अंगठ्यानं खाली दाबून मागे सरकवायचं. भरून झाल्यावर मॅगझिन मागच्या बाजूनं तळहातावर हलकं ठोकायचं. डब्याचे वरचे ओठ वाकलेले असतील तर काडतूस एकतर वर उसळतं किंवा कप्प्याच्या काठावर आदळतं. ते ओठ घरी पक्कडीनं वाकवू नका, पाव मिलिमीटरचा फरकही जास्त होतो. आणि मॅगझिन जन्मभर भरून कपाटात ठेवू नका. सुरक्षेसाठीही ते योग्य नाही आणि गोळीचं मऊ टोकही दबून बोथट होतं.

नळी: दारू बदलली, खाचा तशाच राहिल्या

१८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू बनवली आणि दोनच वर्षांत फ्रान्सनं लेबेल आणली. बाकी सगळ्यांची रायफल रातोरात जुनी झाली. जर्मनीनं नुकतीच नळकांड्याच्या मॅगझिनची ११ मिलिमीटर माऊझर सैन्याला दिली होती. घाईघाईत १८८८ ची कमिशन रायफल आणावी लागली. ब्रिटिशांच्या नव्या ४०२ बोअरच्या एनफिल्ड-मार्टिनी तयार होऊन तशाच राहिल्या. लहान बोअर घ्यायचं ठरलं, ३०३. पण धूरविरहित दारू हातात नव्हती. तेव्हा सुमारे ७० ग्रेन काळी दारू दाबून तिची गोटी पुंगळीत बसवली आणि रायफल स्वीकारली. नळीला विल्यम मेटफर्ड यांचा पीळ होता: सात उथळ, गोल कडांच्या खाचा, ज्यांत काळ्या दारूची काजळी अडकत नाही. त्या दारूसाठी याहून चांगल्या खाचा नव्हत्या.

मग १८९१ च्या सुमारास कॉर्डाइट, म्हणजे ब्रिटिशांची धूरविरहित दारू आली. ती काजळी कमी करते, पण फार तापते. उथळ गोल खाचा कप्प्यापुढच्या भागात झपाट्यानं झिजू लागल्या आणि अचूकता ढासळली. १८९५ मध्ये पाच खोल, चौकोनी कडांच्या, डावीकडे वळणाऱ्या एनफिल्ड खाचा आल्या, दर १० इंचांना एक फेरा. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, नाव मात्र ली-एनफिल्ड झालं. घाईत नळी आधी आणि दारू नंतर निवडली की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

जुनी ३१५ घेताना नळी तपासायची ती यासाठीच. बोल्ट काढा, तोंडाशी पांढरा कागद धरून मागून बघा. कप्प्यापुढची पहिली चार-पाच इंचं महत्त्वाची. तिथल्या खाचांच्या कडा पुढच्या भागाइतक्याच धारदार दिसायला हव्यात. करडी, भेगाळलेली त्वचा दिसली तर उष्णतेची झीज आहे. लहान काळे खड्डे दिसले तर तो गंज. मधोमध एखादं गडद वलय दिसलं तर नळी कधीतरी अडथळ्यावर गोळी झाडून फुगलेली असते. ती रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तोंडाचा काठही बघा, कारण पुलथ्रूची (चिंधी बांधून नळीतून ओढायची) दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासून तिथे चरा पडतो आणि गोळी एका बाजूला जाते.

धूळ आणि गंज

अमेरिकेच्या सैन्यानं १८७२-७३ मध्ये जनरल टेरी यांच्या समितीपुढे शंभराच्या आसपास बंदुका ठेवल्या आणि अशाच पद्धतीच्या चाचण्या पुढेही चालू राहिल्या. त्या आजही वाचण्यासारख्या आहेत. बारीक धूळ पेटीत उडवून रायफल तीत ठेवायची, वरवर पुसायची आणि लगेच झाडायची. नवसागराच्या द्रावात बुडवून गंजू द्यायची आणि तशीच झाडायची. मुद्दाम चिरलेल्या पुंगळ्या भरायच्या, म्हणजे गॅस शिपायाच्या डोळ्यात जातो का ते कळतं. नेहमीपेक्षा जास्त दारू घालून बघायचं. १८९२ च्या समितीनं या मार्गानं क्रॅग-योर्गेनसेन निवडली, बाजूनं एकेक काडतूस भरायची. १८९८ मध्ये क्यूबात समोर स्पॅनिश माऊझर आली, पट्टीवरून पाच काडतुसं एका दाबात भरणारी, तेव्हा या चाचण्यांत काय राहून गेलं ते दिसलं. प्रयोगशाळेत धूळ उडवता येते, पण घाबरलेल्या माणसाचा हात तिथे आणता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात या दोन्ही चाचण्या निसर्गच घेतो. सिन्नर-येवल्याकडे एप्रिल-मे मध्ये पिठासारखी धूळ, आणि इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. धुळीत ली यांचा बोल्ट चांगला चालतो, कारण त्याच्या सांध्यांत मोकळीक आहे. धुळीच्या भागात तेल अगदी पातळ लावा. जाड ग्रीस लावलं की धूळ चिकटून लगदा होतो, आणि सुईच्या स्प्रिंगपाशी तो गेला की टोपीवर घाव हलका पडतो.

पावसाळी भागात शत्रू वेगळा आहे. बाहेरून चकाकणारी रायफल लाकडाखाली गंजत असते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये शिरलेली ओल बाहेर येत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पुढचं लाकूड उतरवून आतला भाग पुसायला हवा. ली-एनफिल्डच्या पद्धतीत पुढचं लाकूड आधी उतरवायचं आणि मगच दस्त्याचा लांब बोल्ट ढिला करायचा. उलट केलं तर त्या बोल्टचं चौकोनी टोक फिरताना पुढच्या लाकडाला आतून चीर पाडतं. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे राखणीवरून रायफल गरम खोलीत आणली की धातूवर दव धरतं. तासभर ती कव्हरमध्येच राहू द्या, मग काढून पुसा. बाकी काळ कव्हरमध्ये ठेवू नका, रेक्झिन आणि चामडं ओल धरून ठेवतात.

सफाईचा क्रम असा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, कप्प्यात बोट घालून तो रिकामा आहे याची खात्री करा. बोल्ट मागे ओढून त्याचं डोकं वर उचला, ते खाचेतून सुटतं आणि बोल्ट हातात येतो. सफाई नेहमी कप्प्याच्या बाजूनं, म्हणजे घाण कप्प्यात साचत नाही. द्रावात भिजवलेली चिंधी, मग पितळी ब्रशचे आठ-दहा फेरे, मग कोरड्या चिंध्या, पांढरी बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाचा नुसता हात. जुनी, अनोळखी काडतुसं झाडली असतील तर सगळ्यात आधी अर्धा-पाऊण लिटर उकळतं पाणी नळीतून सोडा. जुन्या टोप्यांतलं क्लोरेट जळून मिठासारखा क्षार उरतो, तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. नुसतं तेल लावलेली नळी पावसाळ्यात आठवड्याभरात गंजते ती या क्षारामुळे.

गोळी, पल्ला आणि कुणी घ्यावी

ऑस्ट्रियन काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅम, गोल टोकाची, आणि तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. हिशेब केला तर ३,००० जूलच्या आसपास ऊर्जा येते. जड, संथ गोळी. १०० मीटरवर नेम जुळवला तर २०० मीटरवर ती फूटभरापेक्षा जास्त खाली येते. ब्रिटिशांनी ली-मेटफर्डला बाजूनं एक वेगळी साईट बसवली होती, तिच्यावर दोन हजार यार्डांच्याही पलीकडचे आकडे होते. सबंध तुकडीनं मिळून दूरच्या जमावावर मारा करायची ती कल्पना. आपल्या वापरात त्या आकड्यांना अर्थ नाही. मान्यताप्राप्त रेंजवर ५० मीटरला सुरुवात करा, तीन-तीन गोळ्यांचे गट घ्या, माशी (नळीच्या तोंडावरचा नेमाचा खुंट) बाजूला सरकवायचं काम कारागिराकडून करून घ्या. गोळ्या उजवीकडे पडत असतील तर माशी उजवीकडे सरकवायची, हे लक्षात ठेवा.

नागरी गोळीचं टोक मऊ असतं. त्याचाही इतिहास आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ३०३ ची पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाते आणि माणूस चालत राहतो, अशी तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडी ठेवलेली गोळी बनली. १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात अशी फुलणारी गोळी वापरण्यास मनाई केली. मऊ टोक असलं तरी ३१५ ची गोळी पत्र्याचं शेड किंवा मोटारीचा दरवाजा सहज भेदते आणि चार इंची विटेच्या भिंतीचाही भरवसा धरता येत नाही. कोनात वर झाडलेली गोळी दोन-तीन किलोमीटरवरही जीव घेऊ शकते.

म्हणून दिंडोरी-निफाडच्या मळ्यात राखणीसाठी ही रायफल घेऊ नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. द्राक्षबागांमध्ये वस्त्या विखुरलेल्या आहेत, उसाच्या फडापलीकडे कुणाचं तरी घर असतंच. तिथे बारा बोअर योग्य. बिबट्यावर गोळी झाडणं तर वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. ३१५ शोभते ती संस्थेच्या प्रशिक्षित पहारेकऱ्याच्या हातात. देवळालीच्या परिसरात राहणाऱ्या निवृत्त जवानांपैकी किंवा पोलिसांतून निवृत्त झालेल्यांपैकी ज्यांनी थ्री नॉट थ्री हाताळली आहे, त्यांना या बोल्टचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नाही.

हे बोअरच का, याचं उत्तरही सैन्याच्या निर्णयात आहे. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायचं धोरण होतं: गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर, गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड तेव्हा देशी शिपायाकडे मार्टिनी. आणि नागरिकाच्या बंदुकीत लष्करी कोठारातलं काडतूस चालू नये, याची काळजी वेगळी. ३०३ आजही बंदी असलेल्या बोअरमध्ये आहे. मानलिखरच्या काडतुसाला भारतात जागा मिळाली ती ते ब्रिटिशांच्या कोठारात नव्हतं म्हणून. ही दोन काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, तसा प्रयत्नही करू नका.

शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ३१५ चं काडतूस गावठी कट्ट्यांत वापरलं जात असल्यानं पोलीस या बोअरच्या काडतुसांचा हिशेब बारकाईनं बघतात. रिकाम्या पुंगळ्यांसकट सगळ्यांची नोंद ठेवा. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचे आदेश निघाले, तर देण्याआधी नळीला तेल लावा आणि पावतीवर नंबर नीट लिहून घ्या. आचारसंहिता पावसाळ्यात आली तर महिनाभर तिला कुणाचा हात लागणार नाही.

दुकानात व्यवहार करताना बोल्ट दहा वेळा रिकामा मागेपुढे करून बघा, त्यात कुठेही खरखर नको. दस्त्याच्या मानेपाशी, जिथे लाकूड बॉडीला टेकतं, तिथली चीर अंगठ्यानं दाबून तपासा. खटका दोन टप्प्यांत ओढला जायला हवा, पहिला हलका, दुसरा स्पष्ट. आणि बोल्टवरचा नंबर, बॉडीवरचा नंबर आणि परवान्यात होणारी नोंद ही तिन्ही जुळल्याशिवाय पावतीवर सही करू नका.